अकरा महिन्यांचा करार, वीस वर्षांचा हप्ता

घरमालक काकांचा फोन आला तो रविवार होता, १६ जून २०२४. आमचा करार ३१ जुलैला संपत होता, त्यामुळे फोन येणार हे माहीत होतं. दर नूतनीकरणाला पाच-दहा टक्के वाढ व्हायची, तेवढी आम्ही मनात धरूनच ठेवली होती. काका म्हणाले, "ताई, खालच्या मजल्यावरचा फ्लॅट चोवीस हजाराला गेला. तुमचे साडेसतरा फारच कमी पडतात. मलाही तेवढेच हवेत."

काका वाईट माणूस नव्हते. कोविडच्या काळात नवऱ्याचा पगार अर्धा झाला तेव्हा त्यांनी तीन महिने निम्मं भाडं घेतलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण साडेसतरावरून एकदम चोवीस! मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नवरा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. दोघांचे मिळून हातात येतात एक लाख आठ हजार. सासूबाई आमच्याकडे असतात आणि लेक तेव्हा चौथीत होती. नऊ वर्षांत पुण्यात कर्वेनगरमध्येच आमची तीन घरं झाली होती. प्रत्येक करारात "भिंतींना खिळे मारू नयेत" हे कलम असायचं. कालनिर्णय आम्ही स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचो, आणि वारा आला की ते फडफडून ओट्यावरच्या पिठात पडायचं.

काकांशी बोलून २१,५०० वर तडजोड झाली, डिपॉझिट पंचाहत्तर हजार. पुन्हा अकरा महिने, म्हणजे ३० जून २०२५ पर्यंत. भाडेकरार नोंदवलेलाच हवा हे इथे सांगून ठेवते. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे, आणि एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क व शहरात एक हजार नोंदणी फी, हाच मुख्य सरकारी खर्च असतो. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे पैसे वेगळे. पुढे बँकेने राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा हाच करार कामी आला.

त्या रात्री नवरा म्हणाला, "हे अकरा महिने आहेत आपल्या हातात. एकदा नीट बघू."

आमच्याकडे सगळे एकच सांगत होते, भाडं वाया जातं, तेवढ्यात हप्ता बसतो. मलाही तसंच वाटायचं. पण कागदावर मांडल्यावर वेगळंच दिसलं. साठ लाखांच्या आसपासचं घर, शेहेचाळीस लाखांचं कर्ज, ८.६० टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता येत होता ४०,२११ रुपये. त्यातल्या पहिल्या हप्त्यात व्याज ३२,९६७ आणि मुद्दल फक्त ७,२४४. ते वाचून मी बराच वेळ वहीकडे बघत बसले. साडेएकवीस हजार भाडं वाया जात असेल, तर हे तेहेतीस हजार काय होते? वर सोसायटीचा देखभाल खर्च आणि मिळकतकर. जो फ्लॅट आम्ही शेवटी ६१ लाखांना घेतला, तसल्याच फ्लॅटचं वर्षाचं भाडं किमतीच्या सव्वाचार टक्के पडत होतं आणि कर्ज साडेआठच्या वर. नुसत्या हिशोबाने पाहिलं तर पुढची बरीच वर्षं भाड्याने राहणं स्वस्त आहे, अट एवढीच की उरलेले वीस हजार दर महिन्याला खरंच बाजूला पडले पाहिजेत. हे मी आजही मानते. जो भाड्याने राहतो तो मूर्ख आहे असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर ऐकू नका.

आम्ही घर घ्यायचं ठरवलं ते दुसऱ्या कारणासाठी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, लिफ्ट नसलेलं घर आता चालणार नव्हतं. लेकीची शाळा दहावीपर्यंत तीच ठेवायची होती. दर अकरा महिन्यांनी फोनची वाट बघायचा मला कंटाळा आला होता. पुढची दहा वर्षं इथून हलायचं नाही हे नक्की होतं. तीन-चार वर्षांत गाव बदलायची शक्यता असती तर मी घेतलं नसतं.

जुलै ते ऑक्टोबर आम्ही एकोणीस फ्लॅट पाहिले. आधी बांधकाम चालू असलेले. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की बांधकाम पूर्ण करायची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, हे सगळं दिसतं. साइट ऑफिसात बसल्या बसल्या मोबाईलवर बघायची मी सवय लावून घेतली. एका ठिकाणी "बुकिंगला वीस टक्के द्या, अॅग्रीमेंट दिवाळीनंतर करू" म्हणाले. रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे मी म्हणाल्यावर तिथली मुलगी गप्प झाली, आणि आम्ही उठलो. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना एक टक्का), आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरत राहायचं. ताबा होता डिसेंबर २०२७. आम्हाला ते झेपणारं नव्हतं.

मग रीसेल. यात जीएसटी नाही, जे घ्यायचं ते डोळ्यांसमोर असतं, पण कागद तुम्हालाच शोधावे लागतात. धायरीत एक फ्लॅट फार आवडला होता, सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येणारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, कधी मिळालंच नव्हतं. मालक म्हणाले, "पंधरा वर्षं लोक राहताहेत, काही होत नाही." आम्ही विचारलेल्या दोन्ही बँकांनी नकार दिला. मी त्या घरासाठी रडलेसुद्धा. तेव्हापासून फ्लॅट बघायला जायच्या आधीच फोनवर विचारायला लागले: ओसी आहे का, सोसायटी नोंदलेली आहे का, मूळ कागद कुणाकडे आहेत, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) किती. एजंट भिंती धरून बिल्टअप सांगतात, तुम्ही कार्पेटच विचारा.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात वारज्यातला हा फ्लॅट मिळाला. २००९ ची इमारत, लिफ्ट, तिसरा मजला, ६१५ चौरस फूट कार्पेट. विकणारे काका निवृत्त झालेले, काकूंना घेऊन नाशिकला मुलाकडे कायमचे निघालेले. मागत होते ६४, ठरले ६१. रविवारी, १७ नोव्हेंबरला, एक्कावन्न हजार टोकन दिलं. टोकनच्या पावतीवर आम्ही एक वाक्य लिहून घेतलं: कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर रक्कम पंधरा दिवसांत परत. काकांनी न कुरकुरता सही केली.

वकिलांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, की या मिळकतीवर कुणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवा. दोन्ही मिळून सोळा हजार. सोसायटीचं ना हरकत पत्र दहा दिवस अडकलं, कारण सेक्रेटरी शिक्षिका, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. त्या निवडणुकीच्या ड्यूटीवर होत्या. वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

खरी गाठ वेगळीच होती. काकांचं मूळ कर्ज अजून फिटलेलं नव्हतं, ६ लाख ८२ हजार बाकी. म्हणजे मूळ करारनामा त्यांच्या बँकेच्या तिजोरीत. आमची बँक म्हणे मूळ कागद आल्याशिवाय कर्जाचा चेक नाही, त्यांची बँक म्हणे पैसे आल्याशिवाय कागद नाहीत. दोन रात्री मला झोप लागली नाही. वकिलांनी शांतपणे तोड काढली. आम्ही स्वतःच्या खिशातून जी रक्कम देणार होतो, त्यातूनच ६ लाख ८२ हजारांचा चेक थेट काकांच्या कर्जखात्याच्या नावाने द्यायचा, काकांच्या हातात नाही. त्याआधी त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं घ्यायची: एक थकबाकी किती याचं आणि दुसरं कोणकोणते मूळ कागद ताब्यात आहेत त्याच्या यादीचं. आणि हे सगळं साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री करारात, कलम म्हणून लिहायचं. रीसेलमध्ये विकणाऱ्याचं कर्ज चालू असणं ही नेहमीची गोष्ट आहे. घाबरून चांगलं घर सोडू नका, पण या क्रमाशिवाय पैसेही सोडू नका.

कर्जाचा अर्ज २ डिसेंबरला दिला. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचे उतारे, सिबिल. मंजुरी २० डिसेंबरला आली. मंजुरीपत्रात कर्जाबरोबर एक लाख बारा हजारांचा विमा जोडलेला होता, तोही कर्जातच मिळवलेला. "हा घ्यावाच लागतो" असं सांगितलं गेलं. मी म्हटलं, सक्तीचा असेल तर तसं लेखी द्या. लेखी आलं नाही, विमा निघाला. आम्ही नवऱ्याचा आणि माझा टर्म इन्शुरन्स वेगळा घेतला, कारण एवढं कर्ज विम्याशिवाय डोक्यावर ठेवायची माझी तयारी नव्हती.

पैशांचं खरं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. नऊ वर्षांची साठवण १५ लाख ४० हजार. नवऱ्याच्या पीएफमधून घरासाठी ४ लाख ३० हजार. त्याचा अर्ज दोनदा परत आला, आधारवरचं नाव आणि पीएफच्या नोंदीतलं नाव जुळत नव्हतं म्हणून. ती दुरुस्ती घर शोधायला लागल्याच दिवशी करून टाका. आणि धाकट्या दिरांनी तीन लाख दिले, बिनव्याजी. मी त्यांच्याकडे मागायला गेले तेव्हा जीभ उचलत नव्हती. भावजी म्हणाले, "वहिनी, आई तुमच्याकडे आहे. पैशांचं काय घेऊन बसलात?"

घर कुणाच्या नावावर, हा प्रश्न आमच्याकडे मुद्रांक शुल्कामुळे उभा राहिला. पुण्यात सात टक्के लागतं. खरेदीदार फक्त बाई असेल, किंवा सगळ्या बायकाच असतील, तर एक टक्का सवलत. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. म्हणजे ६१ हजारांचा फरक. घर माझ्या एकटीच्या नावावर आणि तो सहकर्जदार, असं बँकेला चाललं. मालक नसल्यामुळे त्याला हप्त्यावर प्राप्तिकराची वजावट मिळत नाही. आम्ही दोघंही नव्या कररचनेत असल्याने आमचं त्यात काही गेलं नाही. तुमचं जाऊ शकतं, हिशोब करून ठरवा. सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर आयुष्यात काही नव्हतं. तुझ्या होऊ दे."

साठेखत शुक्रवारी, १० जानेवारी २०२५ ला नोंदवलं. मुद्रांक शुल्क ३ लाख ६६ हजार आणि नोंदणी फी ३० हजार आदल्या दिवशी ग्रास पोर्टलवर भरलं. शुल्क करारातली किंमत आणि शासनाचं वार्षिक मूल्यदर यांत जे जास्त त्यावर लागतं. हे मूल्यदर १ एप्रिलला बदलू शकतात, म्हणून मार्चअखेरीस नोंदणी कार्यालयात तुडुंब गर्दी असते. ती टाळा. आमची वेळ साडेअकराची होती, आत गेलो सव्वातीनला, मध्ये दीड तास सर्व्हर बंद. सासूबाईंनी डब्यात दिलेले थालीपीठ आम्ही आणि काका-काकूंनी जिन्यावर बसून खाल्ले. मग काकांचा अंगठाच उमटेना. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. त्यांनी अंगठा ओल्या रुमालाने पुसला, शर्टवर घासला, पुन्हा टेकवला, पुन्हा लाल दिवा. त्यांचा चेहरा इतका ओशाळा झाला की मला बघवेना. शेवटी दुसऱ्या बोटावर काम झालं. विकणारे वयस्कर असतील तर वेळ हाताशी ठेवा आणि त्यांना बसायला जागा मिळतेय ना ते बघा.

टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा प्राप्तिकर, विसरू नका. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर एक टक्का विकणाऱ्याला न देता त्याच्या पॅनवर सरकारला भरायचा. आम्ही तो तेव्हा फॉर्म २६क्यूबीने भरला. आमचे ६१ हजार होते. ते किमतीतूनच वजा होतात, वरचे नसतात. घर काका-काकूंच्या जोडनावावर होतं, आणि मी सगळी रक्कम काकांच्या एकट्याच्या पॅनवर भरून मोकळी झाले. प्रत्येक विकणाऱ्याचा फॉर्म वेगळा लागतो हे सीएंनी नंतर सांगितलं. चूक माझीच. ती दुरुस्त करायला तीन आठवडे आणि बरीच मनधरणी लागली.

काकांचं कर्ज १५ जानेवारीला बंद झालं. मूळ कागद मात्र येईनात. शाखेत गेलं की "मुख्य कार्यालयातून निघालेत." रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. काकांनी त्याचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. १० फेब्रुवारीला, सव्विसाव्या दिवशी, कागद मिळाले. तीनच दिवस आधी, ७ तारखेला, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) पाव टक्क्याने उतरला होता. जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात, आणि आमचं कर्ज रेपोशी जोडलेलं. त्या उशिरात तेवढीच एक बरी बातमी.

२१ फेब्रुवारीला बँकेचा चेक आणि खरेदीखत एकाच दिवशी झालं. मुद्रांक साठेखतावर भरलेलं असल्याने या दस्ताला नाममात्र शुल्क लागलं. गहाणाची नोंद, नोटीस ऑफ इंटिमेशन, तीस दिवसांच्या आत करावी लागते. शुल्क आणि फी मिळून आमचे पंधरा हजार गेले. किमतीवरचा सगळा खर्च सांगते: मुद्रांक व नोंदणी ३,९६,०००, एजंट ६१,०००, वकील १६,०००, बँकेची फी १७,७००, गहाणाची नोंद १५,०००, सोसायटी २५,६००. एकूण ५,३१,३००, किमतीच्या जवळपास पावणेनऊ टक्के. यासाठी कर्ज मिळत नाही. सोसायट्या हस्तांतरणाच्या नावाखाली पन्नास हजार, लाख मागतात. महापालिका हद्दीत प्रीमियम पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, तिथे नम्रपणे ठाम राहा.

किल्ल्या देताना काकूंनी मला घरभर फिरवलं. "बाथरूमची कडी जरा उचलून लाव. ओट्याखालचा कॉक पावसाळ्यात घट्ट होतो, त्याला आधी खोबरेल सोड, जोर लावू नकोस. आणि इथे," म्हणत त्या बाल्कनीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, "इथे तुळस ठेव, दुपारचं ऊन लागत नाही." मग त्यांना बोलवेना. मी त्यांचा हात धरून उभी राहिले. सोळा वर्षांचं घर होतं त्यांचं.

मार्चमध्ये भाडं आणि दुरुस्ती दोन्ही चालू होतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, रंग मिळून एक लाख चाळीस हजार. ३० मार्चला गुढीपाडवा, रिकाम्या घराच्या बाल्कनीत गुढी उभारली. ६ एप्रिलला, रामनवमीला, सामान आणलं. आदल्या दिवशी पहिला हप्ता गेला होता आणि खात्यात एक लाखाच्या आसपास उरले होते. त्या महिन्यात लेकीला ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. डिपॉझिटमधून काकांनी, म्हणजे जुन्या घरमालकांनी, रंगाचे पंधरा हजार कापले. करारात तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. उरलेले साठ हजार आले तेव्हा श्वास घेतला.

आता सप्टेंबर २०२५. भागदाखल्याच्या, म्हणजे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला सेक्रेटरीबाईंच्या अक्षरात माझं नाव चढलं ते जुलैत. वीजबिल मे महिन्यापासून माझ्या नावाने येतं. मिळकतकराचं नाव बदलायचा अर्ज दिलाय, आणि स्वतः राहत असल्याची चाळीस टक्के सवलत मिळावी म्हणून पीटी-३ अर्जही. त्याची पोच मी लॅमिनेट करून ठेवली आहे. एप्रिल आणि जूनच्या रेपो कपाती धरून व्याजदर ७.६० वर आला. बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते, तशी आमची जवळपास तीन वर्षांनी कमी झाली. आम्हाला हे पत्राने कळलं नाही, अॅपवर स्वतः बघावं लागलं. तुमचा जुना दर उतरला नसेल तर शाखेत जाऊन विचारा.

भावजींचे तीन लाख महिन्याला दहा हजारांप्रमाणे सुरू केलेत. या महिन्यात दुसरा हप्ता गेला.